दोन ते चारचा पहारा

आमच्या नाशिकच्या जेल रोडवरच्या कॉलनीतल्या मारुती मंदिरात चैत्रात सप्ताह बसतो. सात दिवस वीणा अखंड उभी. एकदा गळ्यात घातली की ती खाली टेकवायची नाही, भिंतीला लावायची नाही, आणि घेणाऱ्याने बसायचं नाही. दोन-दोन तासांचे बारा पहारे, बारा विणेकरी. माझं अक्षर बरं आहे असा सगळ्यांचा समज असल्यामुळे फळ्यावर नावं लिहायचं काम दहा-बारा वर्षांपासून माझ्याकडे आहे.

यंदा अकरा नावं पटकन भरली. राहिला दुपारचा दोन ते चार. त्या वेळेला उभं राहायला कोणी तयार नसतं. मंडपाचा पत्रा तापलेला असतो, जेवणं झालेली असतात, आणि पंखा नुसताच गरम वारा इकडचा तिकडे करतो. गेल्या वर्षी तो पहारा पुजाऱ्यांच्या भावाच्या गळ्यात मारला होता. चौथ्या दिवशी तो उभ्या उभ्या पेंगला, आणि शेजारी बसलेल्या बायकांनी त्याला दोन्ही बाजूंनी धरून चार वाजवले.

मी खडू घेऊन विचार करत होते, तेवढ्यात पायरीखालून आवाज आला.

"काकू, दोन ते चारला माझं नाव लिवा. लहानू पुंजाराम गावित."

वळून पाहिलं तर मिक्सरवाले लहानूभाऊ.

आता लिहिताना लहानूभाऊ लिहिते आहे. तेव्हा मी असं म्हणत नव्हते. मंदिरासमोर डेअरीच्या शेजारी त्यांचा गाळा आहे. मिक्सर, पंखे, पाण्याच्या मोटारी दुरुस्त करतात. डाव्या पायाला लहानपणी पोलिओ झालेला. मांडीपासून खाली लोखंडी पट्ट्या, त्यांना चामड्याचे बंद, आणि खाली त्या पट्ट्या एका जाड बुटात बसवलेल्या. हातात काठी. दुकानाला निळी, चांगली ठसठशीत पाटी आहे, 'गावित इलेक्ट्रिकल्स'. पण चौदा वर्षांत ती पाटी कॉलनीत कोणी वाचली असेल असं वाटत नाही. आम्हा सगळ्यांचं ते 'लंगड्याचं दुकान'. बिटको चौकातून रिक्षा केली तरी "लंगड्याच्या दुकानापाशी सोडा." रोज पोथी झाली की मी वहीत चार ओळी लिहिते, त्यातही तेच. वर 'श्रीराम', आणि खाली 'लंगड्याकडे मिक्सर टाकला'. माझ्या मनात वाईट काही नव्हतं असं मी म्हणेन. पण मनात काही नव्हतंच, हे जास्त खरं.

"तुम्ही?" मी म्हणाले. "दोन तास उभं राहावं लागतं."

"म्हाईत हाय."

"मध्ये बसता येत नाही."

"ते बी म्हाईत हाय. पायाचं मी बघतो, काकू. तुम्ही खडूचं बघा."

मी नाव लिहिलं. ते काठी टेकत रस्ता ओलांडून गेले, आणि त्यांची पाठ वळल्याबरोबर माझ्या डोक्यात सुरू झालं. याला वीणा कशाला हवी?

त्याला कारण होतं. पंधरा दिवसांपूर्वी कुरडयांचे भिजवलेले गहू वाटताना माझा मिक्सर जळाला. मध्ये मध्ये थांबवायचा असतो, मी थांबवला नाही. लहानूभाऊंनी तो चार दिवसांत दुरुस्त करून दिला, पण घरी आणून लावला तर आवाज निराळा. आधी घरघरायचा, आता शिट्टी मारल्यासारखा. मी ते कुसाबाईंना सांगितलं. कुसाबाई आमच्या भजनी मंडळातल्या सगळ्यात मोठ्या, सत्तरी ओलांडलेल्या, माझ्यापासून दोन घरं सोडून राहतात. टाळ वाजवताना आणि बोलताना त्यांचा हात आखडता नसतो.

"आतलं तांबं काढून घेतात, गं," त्या म्हणाल्या. "आणि स्वस्तातलं काहीतरी भरून देतात. वजन करून बघ."

मी खरंच तो मिक्सर काट्यावर ठेवला. मग लक्षात आलं की आधीचं वजन मला माहीतच नाही.

शिवाय माझ्या सासूबाईंचं एक मत होतं. देवाने ज्याला अधू केलं त्याच्यापासून जरा सांभाळून राहावं, मागच्या जन्माचं काहीतरी असतंच. सासूबाई गेल्या, मत माझ्याकडे राहिलं.

"कोण, लंगडा?" वीणेचं ऐकून कुसाबाईंनी पोळपाट बाजूला सारला. "चौदा वर्षं देवळासमोर बसलाय. आरतीला एकदा तरी आत आलेला पाहिलास?"

नव्हता पाहिला.

"मग आताच भक्ती कशी आली? निवडणुका आल्यात, उज्वला. सप्ताहात पुढारी येतात, फोटो निघतात. वीणा गळ्यात, काठी हातात, असा फोटो छापून आला की बघ कसा मोठा गाळा मिळतो ते."

मला ते पटलं. तरीही नाव खोडणं बरं दिसेना. संध्याकाळी दिवा लावायला गेले तेव्हा फळ्यासमोर पुन्हा उभी राहिले. बाकीची नावं ओळखीची, हे एक नाव एकटं वाटत होतं. कोण लहानू, म्हणून कोणीही विचारेल. 'लंगडा' तर देवळात लिहायचं नव्हतं. मला महापालिकेतल्या खिडकीवरचा शब्द आठवला. मी खडूला टोक केलं आणि नावापुढे कंसात, सुबक अक्षरात लिहिलं, दिव्यांग. दिव्य अंग. देवाच्या दारात शोभणारा शब्द. मला इतकं बरं वाटलं की येताना कुसाबाईंनाही सांगितलं.

"देवाचं अंग?" त्या म्हणाल्या. "मग आधी त्याच्या पाया पड जाऊन."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मंदिराच्या नळावर ताम्हण घासत होते. लहानूभाऊ आले. पायरीखालीच उभे राहिले, कारण फळा दारालगत बाहेरच्या भिंतीला असतो. बराच वेळ नाव बघत होते. मी मनात म्हटलं, खूश झाला. त्यांनी खिशातून मोबाइल काढला आणि फळ्याचा फोटो घेतला. मग अंगठा नळाच्या धारेत ओला केला, माझ्या शेजारीच, आणि माझ्या देखत तो शब्द पुसला. नाव तसंच ठेवून फक्त तेवढा कंस.

माझा हात ताम्हणावर थांबला. "का हो? चांगला शब्द होता तो."

"असंल की."

"मग?"

"बाकीच्यांच्या नावाम्होरं काय लिवलंय, काकू? नाथाभाऊंच्या म्होरं 'शुगर' लिवलंय का? त्या टाळवाल्या आजींच्या म्होरं 'मोतीबिंदू'?"

मला हसू येत होतं, पण मी ते येऊ दिलं नाही. "मी मान म्हणून लिहिलं. दिव्य अंग, असा अर्थ होतो."

"माझ्या पायात दिव्य काय हाय ते मला तरी दाखवा. पावसाळ्यात ठणकतो. पट्टी घासून मांडी सोलती. त्याच्यात देव कुठं बसलाय?"

"मग काय म्हणायचं तुम्हाला? सांगा ना. आम्हाला काय कळतंय?"

"लहानू. आई-बापानं ठेवलंय ते." ते हळू, पण सरळ बोलत होते. "आणि पायाचं सांगायचीच वेळ आली, तर सांगा, पोलिओ झालेला. अपंग म्हणा. कागदावर दिव्यांग लिवत्यात, लिवू द्या, कागदाचं काम कागदाला. त्याचा मला राग नाय. पर वीणा धरायला पाय कशाला लिवायचा?"

"बरं."

"आणि ते दुसरं नाव, तुम्ही समद्या म्हणता ते. ते मला म्हाईत नाय असं समजू नका. गाळ्याला दार नाय, नुसतं शटर हाय."

ते गेले. मी ताम्हण तसंच अर्धवट घासलेलं घेऊन घरी आले. मला लाज वाटायला हवी होती. पण वाटला तो राग, आणि रागामागून संशय. फोटो कशाला काढला?

आमचे हे एकलहऱ्याच्या वीज केंद्रात आहेत. पहिली पाळी करून आले, ताटावर बसले, तेव्हा मी सगळं सांगितलं. यांनी वरणाची वाटी खाली ठेवली.

"पुसायच्या आधी फोटो काढला?"

"हो."

"मग पुरावा आहे तो. आता कायदा झालाय. अपंग माणसाला चारचौघांत अपमानाचं बोललं तर तक्रार होते. आमच्याकडे सगळ्यांना बसवून सांगितलं होतं."

"मी अपमान कुठे केला? दिव्यांग लिहिलं!"

"तू ते लिहिलंस. कॉलनी काय म्हणते ते त्याने रेकॉर्ड केलं नसेल कशावरून?"

चौदा वर्षांत मी त्या शटरसमोर किती वेळा काय म्हणाले असेन, ते मोजायला बसले तर आठवेचना. इतकं ते सहज होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत ही गोष्ट नाथाभाऊंकडे पोहोचली. कुसाबाईंनी पोहोचवली. नाथाभाऊ सप्ताहाचे मुख्य, मोठ्याने बोलणारे आणि पटकन घाबरणारे. त्यांनी आम्हा दोघींना मंडपात बोलावलं.

"हे बघा वहिनी, देवाच्या कामात पोलीस नको. नाव काढून टाका."

"कारण काय सांगायचं?" मी विचारलं.

कारण कुसाबाईंकडे तयार होतं. "तो बूट. चामड्याचा बूट घालून कोणी वीणेला हात लावतं का? बूट काढला तर त्याला उभं राहता येत नाही. म्हणजे झालंच की."

हे कारण खोटं नव्हतं. आमच्याकडे विणेकऱ्याने अनवाणी, पाय धुऊन, गंध लावून यायचं असतं. कमरेचा पट्टासुद्धा काढून ठेवतात. नाथाभाऊंचा चेहरा खुलला. हे सांगायचं काम आम्हा बायकांवर टाकलं, कारण बायकांशी तो भांडणार नाही.

दुपारचे अडीच वाजले असतील. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. लहानूभाऊंचं शटर अर्धं खाली होतं. ते कधी दुपारी दुकान बंद करत नाहीत, जेवतात तेही टेबलाशीच. आत पंख्याचा आवाज नाही, ठोकल्याचा नाही. शटरखालून फक्त दोन पाय दिसत होते. एक अनवाणी, एक लोखंडात. दोन्ही एका जागी, अगदी स्थिर.

कुसाबाईंनी माझा दंड धरला. "आत काहीतरी चाललंय," त्या कुजबुजल्या.

"झोपले असतील."

"उभ्याने?"

आम्ही तशाच उभ्या राहिलो. पाय हलले नाहीत. मिनिटं गेली. मला वाटलं, आत आणखी कोणी असेल, काही लपवायचं असेल, माझ्या मिक्सरचं तांबं नाहीतर आणखी कोणाचं. शेवटी मी पदर सावरून खाली वाकले आणि आत पाहिलं.

लहानूभाऊ दुकानाच्या मध्यभागी उभे होते. छातीशी वीणेसारखा तिरपा धरलेला पाण्याचा प्लॅस्टिकचा पाइप, साडेतीन-चार फुटांचा, खाली वजनासाठी एक जुनी मोटार बांधलेली. दोरी गळ्यात. काठी भिंतीला. ओठ हलत होते. नजर समोरच्या घड्याळावर. सदरा पाठीला चिकटलेला.

"काकू," घड्याळावरची नजर न काढता ते म्हणाले, "वाकून कंबर धरंल. शटर वर करा आन् आत या. मला अजून पंचवीस मिन्टं हायेत."

आम्ही आत गेलो. दोघी स्टुलांवर बसलो. त्यांच्या ओठांवरचं नाम काही थांबेना. पंचवीस मिनिटं आम्ही तिथे बसून होतो. त्या वेळात माझी नजर खाली गेली. पायात तो बूट नव्हता. लोखंडी पट्ट्या त्याच होत्या, पण चामड्याच्या जागी पांढऱ्या जाड कापडाचे बंद, आणि खाली लाकडाच्या फळीवर रबर बसवून केलेला नवा तळ.

घड्याळात तीन झाले. त्यांनी पाइप टेबलावर ठेवला, काठी घेतली, गुडघ्यापाशी लोखंडाची कडी खट्कन उघडली आणि खुर्चीत बसले. पाणी प्यायले.

"बूट कुठे गेला?" कुसाबाईंनी विचारलंच.

"त्यो काय खुटीला. त्यो रस्त्याचा, ह्यो देवळाचा. ह्याला चामडं नाय आन् ह्यो अजून गाळ्याभाईर पडला नाय. आजी, चामडं आत चालत नाय हे काय मला सांगाया पाहिजे? म्हणून तर चौदा वर्षं पायरीखालनं हात जोडतो. तुम्हाला काय वाटलं, मी देव मानत नाय?"

कुसाबाईंना आजी म्हटलेलं आवडत नाही, तरी त्या खाली वाकून ते बंद बघायला लागल्या.

"आता माझं एक ऐका," ते म्हणाले. "तुम्ही दोघी माझं नाव काढाया आल्या ना?"

पंखा बंद होता. माझ्या कपाळावरून घाम नाकावर आला.

"काढा. पर काढलं तर फळ्यावर कारण लिवा. तुमचं अक्षर चांगलं हाय."

"तुम्ही फोटो का काढलात?" मी विचारलं.

"घरी पाठवाया. माझी आई ठमाबाई तिकडं पाड्यावर असती, हरसूलच्या पल्याड. तिला वाचता येत नाय, शेजारच्या पोरीनं वाचून दाखवलं असतं. म्हणलं, नाव लागलं ते आईला दावू. फोटो काढला आन् मंग तो कंस नजरंला टोचला. कंसासकट कसा पाठवायचा? तसाच मोबाइलात पडून हाय. पुसल्यावर दुसरा काढाया मन नाय झालं."

मग त्या दुपारी त्यांनी सांगितलं ते असं. वडील पुंजाराम, नागली-भाताची थोडी शेती, गावच्या सप्ताहात बावीस वर्षं पहाटेचा पहारा त्यांचा. पोलिओ झाला तेव्हा लहानूभाऊ दोन वर्षांचे. शाळेत जायला ओढा ओलांडावा लागायचा, वडील खांद्यावर नेत. सप्ताहात वडिलांच्या शेजारी बसून नाम घ्यायचं, आणि वीणा बदलायची वेळ आली की हात पुढे करायचा. दरवर्षी कोणीतरी म्हणायचं, याच्या हातात नको, हा पाडंल.

"वडीलच म्हणायचे?" मी विचारलं.

"बाप नाय म्हणायचा. म्हणणारे दुसरे. बाप गप बसायचा. मला ते गप बसणं जास्त लागायचं."

पुढे नाशिकला आयटीआय, मग तिथल्याच अंबडला मोटारींत तांब्याची गुंडाळी भरायच्या कारखान्यात सहा वर्षं. तिथे सुपरवायझर 'ए लंगड्या' अशीच हाक मारायचा. महिन्यातून एकदा पगाराच्या पाकिटावर नाव यायचं, तेवढा एक दिवस लहानू. शेवटी ते सोडलं आणि हा गाळा घेतला. बायको रोशनी शाळेत पोषण आहार शिजवते. पाटीचा निळा रंग तिने निवडला. वडील गेल्या पौषात गेले. तेराव्याला कोणीतरी सहज म्हणालं, आता पुंजारामची वीणा कोण घेणार, आणि सगळे दुसरीकडे बघायला लागले.

"तिकडं नाय, तर हितं," ते म्हणाले. "एक सप्ताह. सात दिवस. पाडली, तर पुन्हा हात लावणार नाय."

मी उठताना मिक्सरचा विषय काढला. राहवलं नाही. आवाज का बदलला?

"तांब्याच्या तारेची नवीन गुंडाळी भरली ना, काकू. जुनी जळलेली समदी पिशवीत घालून भांड्याला बांधून दिली होती. हे लोक तांबं चोरत्यात म्हणत्यात, म्हणून मी समद्यांना देतो. तुम्ही पिशवी उघडलीच नाय का?"

नव्हती उघडली. मला वाटलं होतं, वॉशर वगैरे असेल.

कुसाबाई इतका वेळ त्या कापडी बंदांकडे बघत होत्या. त्यांनी हात पुढे केला. "काढ ते. शिवण कच्ची आहे. दोन तासांत उसवेल, मग पडशील आणि आमच्या नावाने खापर फोडशील. दाभण आहे का?"

त्यांनी तिथेच बसून, चष्मा नाकावर ओढून, सगळे बंद दुहेरी शिवले. शिवताना म्हणाल्या, "तरी माझा काही विश्वास बसलेला नाही. वीणा पाडलीस तर गाठ माझ्याशी आहे."

"बरं, आजी."

"आणि मला आजी म्हणू नकोस."

"बरं, कुसाबाई. तुम्ही बी मला ते म्हणू नका."

कुसाबाईंनी दोरा दाताने तोडला.

नाव राहिलं. नाथाभाऊंना आम्ही बुटाचं सांगितलं, वडिलांचं सांगितलं. ते एकदम इतके राजी झाले की मला ते खटकलं. नाथाभाऊ काही न ठरवता राजी होत नाहीत.

सप्ताह बसला. बारा ते दोन माझा पहारा, म्हणजे वीणा माझ्या गळ्यातून लहानूभाऊंच्या गळ्यात जायची. पहिल्या दिवशी पावणेदोनला ते आले. पाय धुतलेले, गंध लावलेलं, नवा तळ कापडात गुंडाळून आणलेला आणि पायरीवर बसून बदललेला. चौदा वर्षांत पहिल्यांदा ते ती पायरी चढले. त्यांच्याकडे बघत असताना मला मागे गडबड ऐकू आली. मंडपात नाथाभाऊंबरोबर पांढऱ्या कपड्यातले दोघे, एकाच्या हातात शाल-श्रीफळ, दुसऱ्याच्या हातात कॅमेरा. दुपारी दोनला मंडपात कधी नसतात एवढी माणसं गोळा केलेली.

नाथाभाऊंनी माइक घेतला. "आपल्यासाठी भाग्याचा दिवस! आपले दिव्यांग बंधू, ज्यांनी आपल्या व्यंगावर मात करून, या अवस्थेतसुद्धा..."

लहानूभाऊ होते तिथेच थांबले. दारापासून तीन पावलांवर. त्यांनी नाथाभाऊंकडे पाहिलं नाही, माझ्याकडे पाहिलं.

"काकू, हे तुमचं?"

"नाही. मारुतीची शपथ."

त्यांना ते पटलं नाही. पटावं असं मी चौदा वर्षांत काय केलं होतं? त्यांनी काठी वळवली.

दोन वाजून गेले होते. वीणा माझ्या गळ्यात, खाली ठेवता येत नाही. खांदा भरून आलेला. आणि मला नाथाभाऊंचा चेहरा दिसत होता. माणूस परत गेला तर त्यांना वाईट वाटणार नव्हतं. "बघा, आम्ही एवढा मान दिला," असं सांगायला ते मोकळे. कोपऱ्यात पुजाऱ्यांचा भाऊ गंध लावून तयार बसलेला मला तेव्हाच दिसला. लहानूभाऊ एकदा पायरी उतरले असते तर पुन्हा चढले नसते, ते मला स्वच्छ कळत होतं.

मी वीणा घेऊन चालत गेले. तेवढी मुभा असते, मंडपात फिरता येतं. "माइक इकडे करा, नाथाभाऊ."

"वहिनी, सत्कार चाललाय..."

"पहारा बदलायची वेळ झाली आहे. इकडे करा."

त्यांनी गोंधळून माइक माझ्या तोंडापुढे धरला. प्रत्येक पहारा बदलताना आम्ही जे म्हणतो तेच मी म्हणाले, तेवढंच. "बारा ते दोन, उज्वला महेश आहेर. पूर्ण. दोन ते चार, लहानू पुंजाराम गावित."

"शाल तरी..." पांढऱ्या कपड्यातला एक म्हणाला.

"शाल शेवटच्या दिवशी बाराही जणांना द्या. माझेही गुडघे दुखतात, मला कधी दिलीत?"

मागून कुसाबाई म्हणाल्या, "आणि माझा मोतीबिंदू!" बायका हसल्या. कॅमेरावाला काय करावं ते न कळून खाली बसला.

लहानूभाऊ अजून वळलेल्या काठीवर तसेच होते. मग हळूच आले. आमच्याकडे घेणारा आणि देणारा एकमेकांच्या पाया पडतात. मी वाकले. एक पाऊल हाडामांसाचं, एक रबराचं, वर कुसाबाईंची दुहेरी शिवण. मी दोन्हींना हात लावून तो कपाळाला लावला. त्यांनी गुडघ्याची कडी खट्कन उघडली आणि काठीवर भार देत खाली जाऊ लागले. मी पटकन हात पुढे केला.

"हात नको. वीणा सांभाळा."

ते खाली गेले, माझ्या पायांना हात लावला, स्वतःच वर आले, कडी पुन्हा लावली. मी वीणा त्यांच्या गळ्यात घातली. काठी त्यांनी स्वतः भिंतीला टेकवली.

पांढरे कपडेवाले दहा मिनिटांत गेले. बाकीचेही पांगले. मंडपात मी, कुसाबाई आणि दोन-चार म्हाताऱ्या राहिलो. मी घरी जायला हवं होतं, यांचा रात्रपाळीचा डबा व्हायचा होता. पण माझा पाय निघेना. तिथेच खांबाला टेकून बसले. ते किंचित डावीकडे झुकले की मी अर्धवट उठायचे. घाम हनुवटीवर आला की वाटायचं, आता. बंद उसवतोय का, रबर सरकतंय का, हाताची पकड सुटतेय का. तीन वाजले. त्यांचं नाम एका लयीत चाललेलं. मी नाम घेत नव्हते, मी नुसती त्या पायावर नजर ठेवून होते.

सव्वातीनच्या सुमाराला त्यांनी नामाच्या मधल्या श्वासात मला हाक मारली.

"काकू."

"काय हो? पाणी देऊ?"

"देव तिकडं हाय."

आणि पुन्हा नाम सुरू. मी मान वळवली. मारुतीला त्या दिवशी नवा शेंदूर चढवलेला होता, डोळे नवे बसवलेले होते, गळ्यात रुईची एवढी मोठी माळ होती. मी दोन तास त्याच्यापुढे उभी होते आणि यातलं काहीच पाहिलेलं नव्हतं.